जुन्या मोटारींची दुरुस्ती म्हणजे फेरबदल नव्हे: गोव्याच्या वाहतूक संचालकांना खुले पत्र

प्रति,
माननीय वाहतूक संचालक, गोवा सरकार, पणजी
आणि
विंटेज मोटारींची तपासणी करणाऱ्या समितीचे सर्व सदस्य

विषय: पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींच्या नोंदणीसाठी तपासणी करताना गंजलेल्या पत्र्याची दुरुस्ती आणि गाडीतील फेरबदल यांत फरक करणारे लेखी परिपत्रक काढण्याबाबत.

माननीय महोदय,

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नवी तरतूद करून पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांसाठी विंटेज नोंदणीची वेगळी सोय केली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, जुना नंबर असल्यास तो कायम ठेवण्याची मुभा आणि नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची मालिका, असे तिचे स्वरूप आहे. घरच्या घरी जुनी गाडी जपणाऱ्या माझ्यासारख्या अनेकांना या नियमामुळे मोठा दिलासा मिळाला आणि त्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. मात्र याच नियमात एक अट अशी आहे की, गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि चासी (गाडीचा खालचा सांगाडा), बॉडी किंवा इंजिन यांत फेरबदल होईल असे कोणतेही मोठे काम तिच्यावर झालेले नसावे. अटीमागचा हेतू योग्यच आहे. जुन्या नंबराच्या आडोशाने भलतीच गाडी रस्त्यावर येऊ नये, हे मलाही मान्य आहे. परंतु गोव्याच्या हवेत साठ वर्षांची मोटार पत्र्याचे मोठे काम केल्याशिवाय जगूच शकत नाही, आणि ते काम या अटीत बसते की तिच्याबाहेर जाते, याचे लेखी उत्तर आज गाडीमालकाला मिळत नाही. हे उत्तर आपल्या खात्याने द्यावे, एवढ्याचसाठी हे पत्र आहे.

माझ्याकडे १९६५ सालची एमजीबी रोडस्टर आहे. इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात हे मॉडेल बनत होते आणि त्याच्या पाच लाखांहून अधिक गाड्या जगभर गेल्या. १७९८ सीसीचे साधे लोखंडी इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, मागच्या चाकांना चालना, दोन आसने आणि कापडी टप, अशी ही गाडी आहे. तिच्या इंजिनात असे काहीही नाही की जे घरच्या पडवीत, चांगल्या पान्यांच्या संचाने आणि धीराने करता येणार नाही. व्हॉल्व्हची फट पंधरा थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ठेवणे, पुढच्या किंगपिनना वेळच्या वेळी ग्रीस भरणे, कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये तेल आहे की नाही ते पाहणे, ही कामे माझ्या घरातली शाळकरी मुलेही आता शिकली आहेत. इंजिनाबद्दल मला विशेष काळजी नाही. काळजी आहे ती बॉडीची.

एमजीबीला स्वतंत्र चासी नाही. तिच्या आधीच्या एमजीए मॉडेलला किंवा मद्रासमध्ये बनणाऱ्या स्टँडर्ड हेराल्डला खाली वेगळा सांगाडा असे आणि त्यावर बॉडी बोल्टांनी बसवलेली असे. एमजीबीची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. आपल्या ओळखीच्या गाड्यांचे उदाहरण द्यायचे तर अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी यांचीही रचना अशीच आहे, म्हणजे मी मांडतो आहे तो प्रश्न एका परदेशी गाडीपुरता नाही. गोव्यात १९६१ पूर्वी आलेल्या आणि पुढे ‘जीडी’ने सुरू होणाऱ्या नंबरांवर चाललेल्या ज्या युरोपीय मोटारी आजही जुन्या वाड्यांच्या गॅरेजांत उभ्या आहेत, त्यांतल्या अनेकींनाही तो लागू होतो. अशा गाडीत चासी आणि बॉडी ही दोन नावे एकाच वस्तूची होतात, आणि तिच्या तळाला लावलेला पत्र्याचा प्रत्येक तुकडा कागदावर ‘चासीतील काम’ ठरू शकतो.

त्यातून रोडस्टरला छप्पर नाही. बंद गाडीत जो भार छपरामुळे विभागला जातो, तो येथे दारांखाली दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या पोकळ पट्ट्यांना पेलावा लागतो. गॅरेजवाले अशा पट्टीला ‘सिल’ म्हणतात. एमजीबीची सिल बाहेरचा, मधला आणि आतला अशा तीन पत्र्यांची मिळून बनते. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या आत, दाराच्या अलीकडे असलेल्या एका कोपऱ्यात साचतो, तेथून ओल सिलमध्ये उतरते आणि तळाची निचऱ्याची छिद्रे मातीने बुजली की तेथेच मुरते. इंग्लंडच्या हवेतही या गाड्या याच जागी गंजतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने समुद्रावरून खारे वारे येत असतात. मी मुरगाव तालुक्यात राहतो. येथे उघड्यावर ठेवलेल्या नव्या पत्र्यावर एका रात्रीत तांबूस थर चढतो. तो हाताने पुसून मगच प्रायमर मारावा लागतो.

ही दुरुस्ती नेमकी कशी होते ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण निर्णय घेणाऱ्या व्यक्तीने ती एकदा डोळ्यांसमोर आणावी अशी माझी इच्छा आहे. सिलला हात लावण्यापूर्वी दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, लोखंडी नळी आडवी वेल्ड करून घ्यावी लागते. तसे न करता सिल कापली, तर गाडी मधोमध खचते, दाराची फट वर अरुंद आणि खाली रुंद होते आणि मग ते दार पुन्हा कधीच नीट लागत नाही. पुढचे मडगार्ड बोल्ट सोडून उतरवता येते. मागच्याची खालची कड मात्र कापावीच लागते, कारण सिलचे टोक तिच्या आत गेलेले असते. नंतर कारखान्यात घातलेला एकेक स्पॉट वेल्ड शोधायचा, तो ड्रिलने मोकळा करायचा आणि गंजलेला पत्रा थरांनी सोडवायचा. माझ्या गाडीच्या उजव्या बाजूचा बाहेरचा पत्रा उघडला तेव्हा मधल्या पत्र्याची खालची चार बोटे जागेवर नव्हतीच. तेथे होता तो भुगा, पूर्वी कोणीतरी भरलेली पुट्टी आणि तिच्यावर चढवलेला छान चकचकीत रंग. नवा पत्रा त्याच आकाराचा, त्याच जाडीचा आणि त्याच जागी बसतो, कारण या गाडीचे सुटे पत्रे आजही तयार मिळतात. तो क्लॅम्पने धरायचा, दार लावून फट मोजायची, पुन्हा सैल करायचा, पुन्हा मोजायची आणि सगळे जुळले की मूळ स्पॉट वेल्डच्या जागी सीओटू वेल्डिंगने टाके भरायचे. वेल्डिंगपूर्वी जोडाच्या आतल्या बाजूंना जस्ताचा प्रायमर आणि सगळे झाल्यावर पोकळीत मेणाचा फवारा. एका बाजूचे काम घरी करायला सुट्टीचे दिवस धरून महिने जातात.

महोदय, हे काम झाल्यावर गाडी कंपनीने जशी बनवली होती तशीच राहते. तिचे मोजमाप बदलत नाही, वजन बदलत नाही, दिसणे बदलत नाही. बदलते ती एकच गोष्ट: अपघातात किंवा साध्या खड्ड्यात गाडी मधोमध मोडण्याची भीती जाते. आणि तरीही अटीचा शब्दशः अर्थ लावणाऱ्या तपासनिसाला ‘बॉडीवर मोठे काम झाले आहे’ असा शेरा मारून अर्ज फेटाळता येईल. उलट, ज्याने गंज तसाच ठेवून वर पुट्टी आणि रंग फासला, त्याची गाडी ‘मूळ स्वरूपात’ म्हणून निर्वेध पार पडेल. नोंदणीची कामे करून देणाऱ्या मध्यस्थांचा सल्लाही आज नेमका हाच असतो: वेल्डिंगचा विषय काढू नका, खालून अंडरकोटिंगचा जाड थर मारा आणि गाडी दाखवा. प्रामाणिकपणे काम करणाऱ्याला काम लपवावे लागावे आणि धोकादायक गाडीला निर्दोष कागद मिळावा, असा उलटा परिणाम नियम करणाऱ्यांच्या मनात नक्कीच नव्हता.

यावर वाट काढायला दूर जावे लागत नाही. माझी नोकरीची सगळी वर्षे झुआरी नदीकाठी बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौका, दुरुस्तीच्या यार्डात गेली. खनिजवाहू बार्ज गोदीत चढली की तिच्या तळाच्या पत्र्याची जाडी ठिकठिकाणी मोजली जाते, जेथे ती मर्यादेखाली गेली असेल तेथे खडूने खूण होते, तेवढा पत्रा कापून त्याच जाडीचा नवा बसवला जातो आणि सर्व्हेअर ते काम उघडे असतानाच येऊन पाहतो, मगच त्यावर रंग चढतो. वीस-पंचवीस वर्षांत एखाद्या बार्जचा तळ निम्म्याहून अधिक बदललेला असतो. पण म्हणून ती दुसरी बार्ज झाली असे कोणी म्हणत नाही, तिचे नाव आणि नोंदणी तीच राहते. पाण्यावरच्या लोखंडाला आपण जो न्याय लावतो, तो रस्त्यावरच्या लोखंडाला लावायला काय हरकत आहे? उघडे असताना तपासणे, हा त्या पद्धतीचा गाभा आहे, आणि माझी पहिली विनंती त्यावरच आधारलेली आहे.

गाडीमालकाने पत्र्याचे काम सुरू करण्यापूर्वी आपल्या खात्याला लेखी कळवावे आणि जुना पत्रा निघालेला असताना, नवा बंद होण्यापूर्वी, समितीच्या एका सदस्याने गाडी जेथे आहे तेथे येऊन ती पाहावी. जॅक-स्टँडवर चढलेली, चाके काढलेली गाडी कार्यालयात नेता येत नाही, म्हणून भेट घरीच व्हायला हवी. त्यासाठी योग्य ते शुल्क द्यायला आमची ना नाही. या भेटीत काय पाहायचे हेही अवघड नाही. नवा पत्रा मूळ आकाराचा आहे का, सांधे पूर्ण भरले आहेत का, गाडीची ओळख सांगणारे क्रमांक जागेवर आहेत का, एवढे पुरे. ज्यांना प्रत्यक्ष भेट शक्य वाटत नाही त्यांच्यासाठी कामाच्या प्रत्येक टप्प्याची, तारखेसह काढलेली छायाचित्रे पुरावा म्हणून स्वीकारली जावीत. जुन्या वाहनांच्या जतनासाठी काम करणाऱ्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ट्यूरिन सनदेतही दुरुस्तीला मनाई नाही. केलेल्या कामाची नीट नोंद ठेवा, असा तिचा आग्रह आहे. ही शिस्त आम्ही आनंदाने पाळू.

क्रमांकांचा उल्लेख केला, तर एक खुलासा येथेच करतो. हल्लीच्या मोटारींत चासी नंबर पत्र्यावरच कोरलेला असतो आणि त्यावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेण्याची पद्धत आहे. माझ्या गाडीचा ‘जीएचएन३’ने सुरू होणारा क्रमांक बॉनेटखाली बसवलेल्या एका वेगळ्या धातूच्या पट्टीवर आहे आणि त्या काळच्या इतरही काही ब्रिटिश गाड्यांत तसेच आढळते. पट्टी वेगळी दिसते म्हणून ती बनावट समजली जाऊ नये. अशा गाड्यांसाठी कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून मिळणारा दाखला पडताळणीला ग्राह्य धरावा.

इंजिनाबाबतही परिपत्रकात दोन ओळी असाव्यात. सिलिंडर झिजले की रिबोअर करून, म्हणजे आतून किंचित मोठे कातून, ओव्हरसाइज पिस्टन घालणे ही दुरुस्ती त्या काळच्या बहुतेक इंजिनांसाठी उत्पादकानेच गृहीत धरलेली होती, म्हणून तर वीस, चाळीस, साठ थाऊ मोठे पिस्टन बाजारात आले. त्याने सीसी किंचित वाढते, पण इंजिन तेच राहते. याउलट कोणी एमजीबीत जपानी डिझेल इंजिन बसवले, तर तो उघड फेरबदल आहे आणि ती गाडी विंटेज मालिकेत येऊ नये, असेच मी म्हणेन.

या दोन टोकांच्या मध्ये काही बदल असे आहेत की जे सुरक्षिततेसाठी किंवा सरकारच्याच धोरणामुळे करावे लागतात. माझ्या गाडीत आसनांमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या. आता त्या जागी बारा व्होल्टची एकच आहे. सीट बेल्ट मी बसवले, कारण ते नसताना मुलांना गाडीत घेण्याची माझी तयारी नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे पेट्रोलचे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. १९६५ मध्ये बनवलेल्या रबरी नळ्या, कार्ब्युरेटरची सीलं (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) आणि गाडीतल्या इंधनपंपाचे पडदे या मिश्रणासाठी नव्हतेच. ते फुगतात, मऊ पडतात आणि तडकतात. एमजीबीत पेट्रोलची नळी एक्झॉस्टच्या तापलेल्या मॅनिफोल्डपासून वीतभर अंतरावर जाते, तेव्हा तेथे एक थेंब गळणे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. शिवाय इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभी राहिली आणि ओल प्रमाणाबाहेर गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात आणि टाकी आतून सडू लागते. म्हणून इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या आणि सीलं घालणे हे आम्हा सर्वांना भागच आहे. मूळ भाग जपून ठेवून, पुन्हा मागे फिरवता येतील असे हे बदल ‘मूळ स्वरूप’ बिघडवत नाहीत, असे परिपत्रकात स्पष्ट लिहिले जावे.

धुराच्या चाचणीविषयी मात्र माझी काहीही तक्रार नाही. जुन्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची तीन टक्क्यांची मर्यादा आहे आणि कार्ब्युरेटरच्या जेटचे नट नीट जुळवले, सुया झिजलेल्या नसल्या, तर ती पाळता येते. ज्याची गाडी त्या मर्यादेत येत नाही, त्याने आधी गाडी सुधारावी.

नोंदणीनंतरच्या वापराबाबत एक मुद्दा आहे. विंटेज गाडी रोजच्या कामाला वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. हे बंधन मला मान्य आहे. पण देखभालीत चाचणीची फेरी येतेच. ब्रेकचे नवे पॅड बसवले की ते बसण्यासाठी काही किलोमीटर जावे लागते. कार्ब्युरेटर जुळवले की इंजिन पूर्ण तापवून चढावर खेचून पाहावे लागते. घरापासून ठरावीक अंतरापर्यंतची अशी फेरी, दिवसा, नोंदवहीत वेळ लिहून केली असेल, तर ती देखभालच समजावी. आज वेर्ण्याच्या चढावर एखाद्या पोलीस शिपायाने गाडी थांबवली, तर त्याला दाखवायला आमच्याकडे काहीच नाही, आणि त्याच्याकडेही निर्णय घ्यायला काही आधार नाही.

कोणी म्हणेल, एवढा त्रास कशाला, साध्या नोंदणीवरच गाडी ठेवा. पण पंधरा वर्षांवरील आयात मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ४०,००० रुपये झाले, ते २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी आणखी वाढले, आणि हे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करायचे असते. घरी गाडी जपणारा माणूस बहुधा मध्यमवर्गीय असतो. गोव्यात अशी गाडी बाळगणारे सगळे धनिक असतात, हा समज चुकीचा आहे. आमच्यातले बरेच जण निवृत्त फिटर, शिक्षक, बँकेतले कर्मचारी आहेत, ज्यांनी वडिलांची किंवा काकांची गाडी भंगारात जाऊ दिली नाही. विंटेज नोंदणीचा दरवाजा त्यांच्यासाठी बंद झाला, तर गाडीही जाईल आणि तिच्याबरोबर पत्र्याला ठोकून आकार देण्याची, शिसे ओतून सांधा भरण्याची, कानाने कार्ब्युरेटर जुळवण्याची कलाही जाईल. म्हापशाला आणि मडगावला असे काम करणारे हात अजून आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांची मुले या धंद्यात आलेली नाहीत.

केंद्राचा नियम बदलणे आपल्या हातात नाही, याची मला जाणीव आहे. मात्र तपासणीसाठी समिती नेमण्याचे काम त्याच नियमाने राज्याकडे सोपवले आहे, आणि त्या समितीने नियमाचा अर्थ कसा लावावा हे सांगणारे परिपत्रक काढणे पूर्णपणे आपल्या अधिकारात आहे. ते काढताना समितीत पत्र्याचे आणि वेल्डिंगचे प्रत्यक्ष काम केलेली एक व्यक्ती असावी, अशी माझी दुसरी विनंती आहे. सरकारी तंत्रनिकेतनातील किंवा आयटीआयमधील अनुभवी निदेशक या जागेसाठी योग्य ठरेल. परिपत्रक मराठी आणि कोंकणीतही यावे, कारण ते वाचून काम करणारा टिंकर, म्हणजे पत्र्याचा कारागीर, इंग्रजी वाचेलच असे नाही.

माझ्या गाडीच्या डाव्या बाजूची सिल सध्या उघडी आहे. जुना पत्रा मी फेकलेला नाही. तो खूण करून, नव्याच्या शेजारी ठेवला आहे, आणि उजव्या बाजूच्या कामाची छायाचित्रेही तारखेसह जपली आहेत. समितीच्या सदस्यांनी येऊन दोन्ही बाजू पाहाव्यात, हवे ते प्रश्न विचारावेत आणि त्यावरून परिपत्रकाचा मसुदा ठरवावा. जून लागण्यापूर्वी मला डावी बाजू बंद करून रंगवावी लागेल, म्हणून भेट मे महिन्याच्या मध्यापर्यंत ठरली तर फार बरे होईल. माझ्यासारखे आणखी काही गाडीमालकही आपापली अर्धवट उघडलेली गाडी दाखवायला तयार आहेत. त्यांची यादी या पत्राच्या प्रतीसोबत आपल्या कार्यालयात स्वतंत्रपणे सादर करीत आहे.

आपला विश्वासू,
मुरगाव तालुक्यातील एक निवृत्त यार्ड फोरमन आणि जुन्या मोटारीचा मालक